शून्याजवळचा सुळका

त्या दिवशी सकाळी आमच्या गॅरेजमध्ये जो प्रयोग ठरला, तो काही शोध लावण्यासाठी ठरला नव्हता. एक भांडण कायमचे मिटावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. हंगाम संपला होता, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा चालू होता आणि स्पेनमधील हेरेझच्या ट्रॅकवर आम्ही दोन दिवसांची खासगी चाचणी घेत होतो. आमच्या संघात दोन रायडर होते. त्यांची नावे येथे देण्याचे कारण नाही, म्हणून वयाने आणि अनुभवाने मोठा असलेल्याला मी थोरला म्हणेन आणि दुसऱ्याला धाकटा. दोन्ही मोटरसायकली सारख्या नाहीत, चांगली मोटरसायकल थोरल्याला दिली आहे, असे धाकटा कित्येक महिने सांगत होता. त्याचे म्हणणे चुकीचे आहे हे दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवून त्याला समजावण्याचे काम माझ्याकडे होते, कारण मी या संघाची डेटा इंजिनीअर आहे.

आम्ही जागतिक मोटरसायकल शर्यतींतील मोटो २ या मधल्या वर्गात धावतो, आणि यंत्राच्या गुणवत्तेचा वाद ज्या वर्गात सर्वांत कमी व्हावा असा हा वर्ग आहे. येथे २०१९ पासून सर्व संघांना ट्रायम्फचे ७६५ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मिळते. ते संयोजकांकडून सीलबंद येते आणि त्याच्या आत हात घालण्याची कोणत्याही संघाला मुभा नसते. टायर सर्वांना एकाच कंपनीचे, इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक सर्वांना एकच, आणि रायडरसह मोटरसायकलचे किमान वजनही ठरलेले. चौकट मात्र संघ निवडतो. पण आमच्या दोन्ही रायडरांकडे एकाच कारखान्याची, एकाच वर्षाची चौकट होती. कागदावर दोघांत बोट ठेवायलाही फरक नव्हता. तरीही मागच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला धाकट्याचा वेग थोरल्यापेक्षा ताशी दोन-तीन किलोमीटरने कमी भरायचा आणि तो आकडा दाखवून तो म्हणायचा, "त्याचे इंजिन जास्त ओढते." मी त्याला पाचव्या वळणातून बाहेर पडतानाचा वेग दाखवत असे. थोरला तेथूनच अधिक वेगाने निघत होता. सरळ पट्ट्यावर ते अंतर तसेच टिकत होते, वाढत नव्हते. इंजिन अधिक ताकदीचे असते, तर ते पट्ट्यावर वाढत गेले असते. माझे हे उत्तर बरोबर होते आणि आजही मी तेच देईन. पण एका प्रश्नाचे बरोबर उत्तर दिल्यामुळे दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

थोरला सरासरी लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागे, चार दशांश सेकंदांनी वेगवान होता. आमच्या वर्गात एवढ्या फरकात दहा-बारा रायडर मावतात. हा फरक मुख्यतः ब्रेकखाली पडत होता, आणि सर्वांत स्पष्ट दिसत होता तो सहाव्या वळणावर. हेरेझचा ट्रॅक ४.४२३ किलोमीटरचा आहे, त्याला तेरा वळणे आहेत, आणि मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी येणारे हे उजवे वळण जवळजवळ उलट फिरायला लावणारे आहे. तेथे पूर्ण वेगातून कडक ब्रेक लावावा लागतो आणि मग ब्रेक सोडत सोडत मोटरसायकल झुकवावी लागते. धाकटा ब्रेक सर्वसाधारण पद्धतीने सोडत असे: झुकाव वाढेल तसा दाब कमी करत, वळणाच्या मध्याच्या बराच आधी शून्यावर आणत. थोरला मात्र थोडासा दाब थेट मध्यापर्यंत आणि कधी कधी त्याच्याही पुढे धरून ठेवायचा, आणि थ्रॉटल उघडण्याच्या क्षणीच सोडायचा. आलेखावर त्याच्या ब्रेकची रेषा उतरून एक लांबलचक, सपाट शेपूट तयार होई. संपूर्ण झुकलेल्या अवस्थेत पुढच्या टायरवर ब्रेकचा भार राखणे म्हणजे केवढे धाडस आणि केवढा अचूक हात, असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. मी ती शेपूट धाकट्याला दाखवली. एकदा नव्हे, जवळजवळ प्रत्येक शर्यतीनंतर दाखवली. तुझे चार दशांश येथे आहेत, असे मी त्याला सांगितले.

त्याने प्रामाणिकपणे तसे करून पाहिले. त्या हंगामात पुढचे चाक निसटून तो तीनदा पडला. प्रत्येक वेळी वळणात झुकलेला असताना, ब्रेकवर बोट असताना.

चाचणीच्या सकाळी ट्रॅक थंड होता. नोव्हेंबरमध्ये डांबर तापेपर्यंत थांबावेच लागते; गार पृष्ठभागावर टायरला पकड येत नाही. त्या मोकळ्या दोन तासांत तोच वाद पुन्हा निघाला आणि या वेळी गॅरेजमधील प्रत्येकाने त्यात भाग घेतला. मोटरसायकल शर्यतींत काम करणाऱ्या लोकांकडे या विषयावर स्वतःचा एक आकडा असतो. कोणी म्हणतो ऐंशी टक्के यंत्र आणि वीस टक्के रायडर, कोणी नेमके उलटे सांगतो. मला या टक्केवारीत कधीच रस वाटला नाही. टाळीतला किती आवाज डाव्या हाताचा आणि किती उजव्याचा, असे विचारण्यासारखे ते आहे. पण वादात पुढे येणारी उदाहरणे मात्र मला नेहमीच गुंतवून ठेवतात.

आमच्या प्रमुख मेकॅनिकने २००४ सालची दक्षिण आफ्रिकेतील वेल्कमची शर्यत काढली. व्हॅलेंटिनो रॉसीने होंडा सोडली, तेव्हा त्या आधीच्या वर्षी सर्वोच्च वर्गातील, म्हणजे मोटोजीपीतील, सोळापैकी पंधरा शर्यती होंडाने जिंकल्या होत्या. तो ज्या यामाहाकडे गेला, तिला २००३ च्या अख्ख्या हंगामात पहिल्या तिघांत एकदाच जागा मिळाली होती, आणि तिचे शेवटचे विश्वविजेतेपद १९९२ सालचे होते. अशा यामाहावर त्याने वेल्कमला पहिलीच शर्यत जिंकली, होंडावरच्या मॅक्स बियाजीला ०.२१० सेकंदाने मागे टाकून, आणि वर्षाअखेरीस विजेतेपदही मिळवले. प्रमुख मेकॅनिकच्या दृष्टीने वाद तेथेच संपत होता. त्यावर टायर पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने २०११ काढले. तोच रॉसी डुकाटीवर बसला आणि दोन हंगामांत त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. शिवाय त्याच डुकाटीवर २०१० मध्ये केसी स्टोनरने तीन शर्यती जिंकल्या होत्या, आणि तो होंडावर गेल्यावर २०११ मध्ये दहा जिंकून विश्वविजेता झाला. मग रॉसी विसरला का मोटरसायकल चालवायला? की स्टोनर त्याच्यापेक्षा मोठा? की डुकाटीत असे काही होते, जे एकाच माणसाच्या हातांना जमत होते?

या शेवटच्या प्रश्नाशी आम्ही थांबायला हवे होते. पण धाकटा मध्येच म्हणाला, "इतिहास राहू द्या. आज मला त्याच्या मोटरसायकलवर बसू द्या आणि त्याला माझ्या."

संघात हे सहसा केले जात नाही. मोटरसायकल रायडरच्या अंगाप्रमाणे लावलेली असते. हँडलचा कोन, पायांच्या आधाराची उंची, ब्रेकच्या लिव्हरचे अंतर, आसनाचा फोम, सारे काही त्याचे स्वतःचे. शिवाय दुसऱ्याच्या मोटरसायकलवर जाऊन कोणी पडला, तर दोन माणसांचा दिवस बुडतो. पण आमचे दोन्ही रायडर उंचीने आणि वजनाने जवळपास सारखे होते, हंगाम संपला होता, आणि व्यवस्थापकालाही हे भांडण पुढच्या वर्षात न्यायचे नव्हते. मी एकच अट घातली. लिव्हर आणि पायांचे आधार तेवढे बदलायचे. स्प्रिंग, डॅम्पिंग, उंची यांना कोणीही हात लावायचा नाही. मोटरसायकल जशी आहे तशीच राहिली पाहिजे, फक्त माणूस बदलला पाहिजे. दोघांना सारख्याच प्रकारचे नवे टायर द्यायचे, आणि आधी आपापल्या मोटरसायकलवर आठ लॅप, मग दुसऱ्याच्या मोटरसायकलवर आठ लॅप. ही अट मी घातली नसती, तर पुढचे काहीच कळले नसते. आणि खरे सांगायचे तर ती मी केवळ धाकट्याला नंतर तक्रारीला जागा राहू नये म्हणून घातली होती.

आपापल्या मोटरसायकलींवरचे लॅप नेहमीसारखेच झाले. थोरला चार दशांशांनी पुढे. मग अदलाबदल झाली.

थोरल्याने धाकट्याच्या मोटरसायकलवर पहिले दोन लॅप सावध काढले. तिसऱ्या लॅपमध्ये सहाव्या वळणावर तो नेहमीपेक्षा फार लवकर आतल्या कडेला आला, जणू मोटरसायकल त्याच्या अंदाजापेक्षा जास्त वळली होती. चौथ्यातही तसेच झाले. पाचव्या लॅपपासून मात्र त्याचे वेळेचे आकडे उतरू लागले आणि सातव्या लॅपला त्याने सकाळच्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दीड दशांश कमी वेळ घेतला. धाकटा दोनच लॅप करून आत आला. त्याच्या हेल्मेटची काच वर झाली आणि पहिलेच वाक्य बाहेर पडले ते असे, की ब्रेक सोडला की पुढचा भाग उडी मारतो. त्याला परत पाठवले. त्याने उरलेले लॅप पूर्ण केले, पण एकदा सहाव्या वळणावर बाहेरच्या खडीत जाऊन आला, आणि त्याची सर्वोत्तम वेळ स्वतःच्या सकाळच्या वेळेपेक्षा दीड दशांशानेच मागे होती. दोघांमधील अंतर चार दशांशांवरून सात दशांशांवर गेले होते.

व्यवस्थापकाने फळ्यावरचे आकडे पाहिले आणि मान हलवली. निकाल त्याच्या दृष्टीने स्वच्छ होता: मोटरसायकली बदलल्या तरी थोरलाच पुढे, उलट अंतर वाढले, म्हणजे फरक माणसाचा आहे. धाकटा कोपऱ्यात खुर्चीवर हातमोजे न काढता बसून राहिला. सहा महिने ज्या गोष्टीवर तो अडून बसला होता, ती सर्वांसमोर खोटी ठरली होती, आणि त्याने आता उडीबद्दल काहीही सांगितले तरी तो हरलेल्या माणसाचा बहाणाच वाटणार होता. मलाही तो तसाच वाटला, हे मी लिहून ठेवते.

पण आकड्यांचा हिशेब मला खटकत होता. दोन्ही मोटरसायकली खरोखर सारख्या असत्या, तर अंतर चार दशांशांच्या आसपासच राहायला हवे होते. परक्या मोटरसायकलवर दोघेही थोडे मागे पडले असते, एवढेच. येथे एक जण परक्या मोटरसायकलवर वेगवान झाला होता आणि दुसरा तेवढाच मंद. याचा सरळ अर्थ असा होत होता, की मोटरसायकली सारख्या नव्हत्या आणि चांगली मोटरसायकल सहा महिने धाकट्याकडेच होती. म्हणजे फरक आहे हे त्याचे म्हणणे खरे होते, चूक झाली होती ती फक्त दिशेत.

मी पुढच्या फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या आणि धक्के शोषणाऱ्या दोन पायांचे, आलेख उघडले. फोर्क किती दबला आहे, हे मोजणारा सेन्सर त्यावर बसवलेला असतो. त्याच्या नोंदींवरून फोर्क कोणत्या क्षणी किती वेगाने दबतो किंवा उघडतो हे काढता येते, आणि संपूर्ण लॅपमध्ये कोणता वेग किती वेळ होता याचे एक चित्र तयार करता येते. निरोगी फोर्कचे हे चित्र एखाद्या गोल माथ्याच्या टेकडीसारखे असते: मधोमध शून्य, आणि दोन्ही बाजूंना सारखा उतार. थोरल्याच्या मोटरसायकलच्या चित्रात या टेकडीच्या माथ्यावर, बरोबर शून्यापाशी, एक अरुंद उंच सुळका असायचा. याचा अर्थ, फोर्क इतर मोटरसायकलींच्या तुलनेत जास्त वेळ जागच्या जागी स्थिर राहत होता. तो सुळका मी अनेक महिने रोज पाहत होते. त्याचे कारण मी स्वतःच्या मनाशी ठरवून टाकले होते, की थोरल्याचा हात स्थिर आहे, तो ब्रेक आणि थ्रॉटल इतक्या मऊपणे वापरतो, की फोर्कला उगाच हलावे लागत नाही. एकदा तर धाकट्याला शांतपणे चालवण्याचा अर्थ समजावताना मी हेच चित्र वापरले होते.

आता त्या मोटरसायकलवर धाकटा बसला होता. त्याचा हात थोरल्याइतका स्थिर नाही, हे आम्हा सर्वांना माहीत होते. आणि सुळका तेथेच होता. थोरला ज्या मोटरसायकलवर गेला होता, तिचे चित्र मी शेजारी उघडले. तेथे गोल माथ्याची टेकडी होती. सुळका माणसाबरोबर गेला नव्हता, यंत्राबरोबर राहिला होता.

मी उठून प्रमुख मेकॅनिककडे गेले आणि पुढचे चाक काढायला सांगितले. त्याने कारण विचारले. मी पडदा दाखवला. तो काही न बोलता कामाला लागला. फोर्कचे दोन्ही पाय वेगवेगळे बाकावर ठेवून दाबले, तेव्हा ते लोण्यासारखे सरकत होते. हंगामभर ठरावीक अंतरानंतर ते उघडून साफ केले जात होते, तेव्हाही ते असेच सरकले असणार. मग स्प्रिंगा काढून ते पुन्हा जागेवर बसवले, आसासह चाक अडकवले आणि हातांनी वर उचलले. दोनतृतीयांश उंचीपर्यंत ते सहज गेले, त्यापुढे मात्र अडकत, थांबत, धक्का खात वर चढले. बाहेर निरोगी असलेले पाय एकत्र बांधल्यावर एकमेकांना धरून ठेवत होते. शेवटी खालचा ट्रिपल क्लॅम्प काढला गेला, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय जेथे आवळले जातात तो ॲल्युमिनियमचा जाड तुकडा. त्याच्या दोन छिद्रांत दोन सरळ पोलादी दांडे बसवून प्रमुख मेकॅनिकने एक डोळा मिटून बाजूने पाहिले, आणि तो मला देत म्हणाला, "तुम्हीही पाहा." दोन दांडे समांतर नव्हते. फरक इतका बारीक होता, की तो पाहायला शिकावे लागले.

क्लॅम्प पिळला गेल्यामुळे मोटरसायकलचे काय होते, हे सांगणे आवश्यक आहे, कारण सारी गोष्ट त्यातच आहे. कडक ब्रेकखाली फोर्क खोलवर दबतो. ब्रेक हलके हलके सोडला, की निरोगी फोर्क तसाच हलके हलके उघडतो आणि पुढच्या टायरवरचा भार क्रमाने कमी होतो. अडकणारा फोर्क मात्र ब्रेक सुटला तरी क्षणभर दबलेलाच राहतो, आणि मग एकदम निसटून उघडतो. नेमक्या झुकलेल्या अवस्थेत टायरवरचा भार झटकन उतरतो आणि मोटरसायकल वळणाबाहेर ढकलली जाते. धाकट्याने सांगितलेली उडी ती हीच. तिच्यावर एकच उपाय आहे: फोर्कला उघडूच द्यायचे नाही. थोडासा ब्रेक शेवटपर्यंत धरून ठेवायचा आणि थ्रॉटलनेच मोटरसायकलचा तोल मागे न्यायचा. थोरल्याच्या आलेखातील जी लांब सपाट शेपूट आम्ही सर्वोच्च कौशल्य म्हणून भिंतीवर लावली होती, ती एका आजारी मोटरसायकलवरचा इलाज होती. आणि तो इलाज मी एका निरोगी मोटरसायकलच्या रायडरला शिकवत होते. टायरची पकड मर्यादित असते. ती वळण्यासाठी आणि थांबण्यासाठी वाटून घ्यावी लागते. निरोगी मोटरसायकल शेवटपर्यंत ब्रेकखाली ठेवली, तर पुढच्या टायरकडून दोन्ही कामे एकदम मागितली जातात. तिन्ही अपघातांत धाकट्याचे पुढचे चाक त्यामुळेच निसटले होते.

तो क्लॅम्प केव्हा पिळला, याचे उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. मे महिन्यात थोरल्याचा एक मोठा अपघात झाला होता, कॉलरबोन मोडले होते आणि त्याच्या दोन शर्यती हुकल्या होत्या. मोटरसायकल पुन्हा उभी करताना बरेच भाग बदलले गेले. क्लॅम्प नजरेने तपासून ठेवून दिला गेला. मी मेच्या आधीच्या फाइली काढल्या. त्यांत सुळका नव्हता. त्यांत ब्रेकची शेपूटही नव्हती. थोरला पूर्वी जवळपास धाकट्यासारखाच ब्रेक सोडत होता. या फाइली माझ्याच संगणकात होत्या. मी रोज एका रायडरची दुसऱ्याशी तुलना करत राहिले आणि एका रायडरची त्याच्या स्वतःशी तुलना करायचे राहून गेले. अपघातानंतर दोघांमधील अंतर थोडे कमी झाले होते, त्याचे श्रेयही आम्ही धाकट्याच्या प्रगतीला देऊन मोकळे झालो होतो.

थोरल्याला बोलावले. त्याने तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केला. सहा महिन्यांत हे कधी सांगितले का नाही, असे प्रमुख मेकॅनिकने विचारले, आणि त्याच्या आवाजात थोडा राग होता. थोरला म्हणाला, "मला वाटले, माझाच हात बिघडला आहे." रुग्णालयातून परतल्यावर पहिल्याच दिवशी मोटरसायकल त्याला वेगळी वाटली होती. पण मोडलेले हाड त्याचे होते, भीती त्याची होती, आणि यंत्र तर सर्व तपासून, नवे भाग घालून दिलेले. बदललो तो मीच, असे त्याने गृहीत धरले आणि गुपचूप त्या बदलाशी जुळवून घेतले. काही आठवड्यांत त्याच्या हातांनी ती शेपूट शोधून काढली, आणि पुढे तीच त्याची पद्धत झाली. आम्ही तिची स्तुती करू लागल्यावर तर बोलण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्या संध्याकाळी मला सकाळच्या वादातील उदाहरणे वेगळी दिसू लागली. रॉसी आणि स्टोनर यांच्यापैकी मोठा कोण, हे ठरवण्यासाठी आपण डुकाटीची ती वर्षे वापरतो. पण स्टोनरच्या विजयांनी कारखान्याला स्वतःच्या मोटरसायकलबद्दल काय कळले आणि काय कळायचे राहिले, हा प्रश्न मला आता अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याने २००७ मध्ये दहा शर्यती जिंकून डुकाटीला विश्वविजेतेपद दिले होते. रायडरचे पुढचे विजेतेपद यायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि मधल्या काळात चौकटीपासून अभियंत्यांपर्यंत जवळपास सर्व काही बदलले. होंडाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०१९ मध्ये मार्क मार्केझने एकट्याने ४२० गुण मिळवले. निर्मात्यांच्या तक्त्यात, जेथे प्रत्येक शर्यतीतील सर्वोत्तम जागेचेच गुण धरतात, होंडाचे गुण होते ४२६. वरचे सहा गुण आले ते फक्त ऑस्टिनच्या शर्यतीतून, कारण तेथे मार्केझ पडला होता. बाकी प्रत्येक शर्यतीत होंडाची सर्वोत्तम जागा त्याचीच होती. तक्ता पाहणाऱ्याला ती जगातील सर्वोत्तम मोटरसायकल वाटली असती. पुढच्या वर्षी पहिल्याच शर्यतीत, याच हेरेझच्या ट्रॅकवर, त्याच्या दंडाचे हाड मोडले, आणि त्या हंगामात होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. मोटरसायकल एका वर्षात बिघडली नव्हती. एक माणूस तिचे दोष स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि तो नसताना ते दोष प्रथमच सर्वांना दिसले. त्याच मार्केझने २०२४ मध्ये एक वर्ष जुनी डुकाटी घेऊन तीन ग्रां प्री जिंकल्या. तीच जुनी मोटरसायकल त्या वर्षी आणखी तिघांकडे होती आणि त्यांच्यापैकी एकालाही जिंकता आले नाही. प्रतिभा असते, याबद्दल मला शंका नाही. आमच्या सात दशांशांतही ती स्वच्छ दिसत होती: थोरला आजारी मोटरसायकलवरही पुढे होता आणि निरोगी मोटरसायकलवर पाच लॅपमध्ये सहा महिन्यांची सवय सोडू शकला. मात्र प्रतिभा जितकी मोठी, तितके तिच्याखालचे यंत्र वाचणे अवघड होते, आणि ते वाचणे हेच माझे काम आहे.

२००४ च्या यामाहाकडेही मी आता या दृष्टीने पाहते. रॉसी तेथे केवळ चालवायला गेला नव्हता. त्याच्यासोबत त्याचा प्रमुख मेकॅनिक जेरी बर्जेस होता, आणि कारखान्यात अभियंते मासाओ फुरुसावा यांच्या हाताखाली इंजिनाचे पर्याय तयार झाले होते. रायडरने ते चालवून, त्यांतला फरक सांगून निवड केली. यंत्राचा दोष झाकून जिंकणे आणि यंत्राचा दोष शब्दांत सांगता येणे, या दोन वेगळ्या देणग्या आहेत. धाकट्याकडे पहिली अजून कमी आहे. दुसरी आहे, हे त्याने दोन लॅपमध्ये सिद्ध केले होते, आणि आम्ही त्याला बहाणा म्हणालो होतो. मी त्याच्याजवळ जाऊन माफी मागितली. शेपटीचा आलेख दाखवून मी त्याला जे शिकवले, ते चुकीचे होते, असे सांगितले. तो लगेच काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, की तिसऱ्या अपघाताच्या वेळी ब्रेकवर नेमका किती दाब होता, ते पाहता येईल का. आम्ही दोघांनी मिळून ती फाइल उघडली.

दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या मोटरसायकलला नवा क्लॅम्प बसवला होता आणि प्रत्येक जण आपापल्या मोटरसायकलवर परतला होता. दुरुस्त मोटरसायकलवर थोरला लगेच वेगवान होईल, अशी आमची अपेक्षा होती. तो सकाळभर मंद होता. आदल्या दिवशी परक्या मोटरसायकलवर त्याने सवय सोडली होती, पण स्वतःच्या हँडलवर हात पडताच बोटे आपोआप ब्रेकवर रेंगाळू लागली आणि सहाव्या वळणावर तो पुन्हा पुन्हा आतल्या कडेवर चढू लागला. धाकट्याला मी कोणताच आलेख दाखवला नाही. तुला वाटेल तेव्हा ब्रेक सोड, एवढेच सांगितले. दुपारी तीनच्या सुमारास त्यांच्यातील अंतर दोन दशांशांवर आले होते. थोरला आत आला, हेल्मेट काढून माझ्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "मे महिन्याच्या आधीचा माझा एखादा लॅप काढा. मी तेव्हा ब्रेक कुठे सोडत होतो, ते मला पाहायचे आहे."